मच्छिंद्र वारल्याचे समजते

केदारखेड्यात काकासाहेबांच्या ओट्यावर आठवड्यातून एकदा 'पूर्णा-दुधना समाचार' वाचला जाई. जालन्याला छापला जाणारा तो चार पानांचा पेपर भोकरदनच्या टपालातून कधी मंगळवारी येई, कधी गुरुवारी. नदीला पाणी असलं की दोन आठवड्यांचे अंक एकदमच येत. काकासाहेब गावातले जुने जमीनदार. चष्म्याची मोडकी काडी दोऱ्यानं कानाला बांधून ते मोठ्यानं वाचत आणि ओट्यावरची माणसं हुंकार भरत. खाली अंगणात त्यांच्या घरची ज्वारी पाखडत बसलेली गोजरबाई हुंकार भरत नसे. बायकांनी पेपर ऐकायची रीत नव्हती. पण तेवढ्या वेळात तिच्या हातातलं सूप हळू चाले, हे काकासाहेबांच्या बायकोच्या, दुर्गाबाईंच्या ध्यानात आलं होतं. त्या काही बोलत नसत.

गोजरबाई मेंढपाळाच्या घरात दिलेली. नवरा मच्छिंद्र, सासू तुळजाबाई, थोरला दीर भुजंग आणि त्याची बायकापोरं, असं एका आढ्याखालचं घर. मेंढरांचा लहानसा कळप आणि नदीच्या वरच्या अंगाला थोडी मुरमाड जमीन. गोजरबाईनं जन्मात केदारखेडा, माहेर आणि भोकरदनचा बाजार यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. तरी आष्टीच्या बाजारात बैल उधळून कापडाच्या दुकानात शिरला आणि शिंगावर नवं लुगडं घेऊन बाहेर आला, हे तिला ठाऊक होतं. परतूरच्या ठेसनमास्तरची बदली झाली तेव्हा लोकांनी त्याला बुंदीचं जेवण दिलं. जाफराबादेत एका नवरदेवाला घोड्यानं वेशीतच पाडलं आणि वऱ्हाडी त्याला तसाच लंगडत मांडवात घेऊन गेले. राजूरच्या वाटेवर एक म्हैस सापडली असून ज्याची असेल त्यानं खूण सांगून न्यावी. हे सगळं तिसऱ्या पानावर 'गावोगावचे वर्तमान' या मथळ्याखाली येई. पहिल्या पानावरचे सरकारी इश्तिहार आणि दुसऱ्यावरचे कापसाचे भाव यांत गोजरबाईला रस नव्हता. तिसरं पान आलं की ती सूप मांडीवर ठेवून पदरानं कपाळ पुसायला लागे.

एकदा न राहवून तिनं खालूनच विचारलं, "मंग त्या म्हशीचा मालक आल्ता का, काका?"

ओट्यावर हशा पिकला. काकासाहेबही हसले. "आला आसंल. येईल पुढच्या अंकात."

पुढच्या अंकात म्हशीचं काही आलं नाही. पण घरी गेल्यावर ती मच्छिंद्राला सगळं साग्रसंगीत सांगे आणि तो मेंढरांच्या पायातले काटे काढता काढता ऐके. "तुला जालन्याच्या कचेरीतच ठिवायला पाह्यजे," असं म्हणे. लग्नाला काही वर्षं झाली होती. एक मूल झालं होतं आणि महिन्याच्या आतच गेलं होतं. त्यानंतर त्या घरात दोघांचं बोलणं वाढलं होतं, कमी झालं नव्हतं.

मग लढाईच्या दिवसांत दोन वर्षं पाऊस ओढला. चारा गेला, त्यापाठोपाठ मेंढरांत रोग शिरला आणि कळप निम्म्यावर आला. त्याच उन्हाळ्यात एक मुकादम गावोगाव फिरून माणसं गोळा करत होता. नाशिककडं देवळालीला गोऱ्यांच्या लष्कराचं काम निघालं होतं. दोन भावांतल्या एकानं जावं असं ठरलं. भुजंगाला चार लेकरं होती, म्हणून मच्छिंद्र निघाला.

"दिवाळीला येतो," तो म्हणाला.

दिवाळी आली. तो आला नाही. पुढे संक्रांत गेली. मुकादमाबरोबर गेलेली भोवतालच्या गावांची दोघं-तिघं माणसं परत आल्याचं ऐकू येई, पण ती नेमकी कोणत्या गावची ते कुणाला सांगता येत नसे.

होळीच्या सुमारास एका दुपारी पेपर आला. काकासाहेबांनी पहिली दोन पानं नेहमीसारखी उरकली, तिसऱ्या पानावर आले, आणि एकदम उजळले. "ऐका रे! आपल्या गावचं नाव आलंय!"

केदारखेड्याचं नाव याआधी पेपरात कधी आलं नव्हतं. लोक सरसावून बसले. वाटेनं जाणारा एक जण थांबला. गोजरबाईसुद्धा सूप खाली ठेवून, कधी नव्हे ती, ओट्याच्या पायरीपर्यंत गेली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. काकासाहेबांनी घसा खाकरला आणि वाचलं:

"केदारखेडा, तालुका भोकरदन. येथील मेंढपाळ मच्छिंद्र हा देवळालीकडे लष्करी कामावर मजूर म्हणून गेला असता तेथे पटकीच्या आजाराने वारल्याचे समजते."

वाचण्याच्या भरात ते शेवटपर्यंत गेले होते. शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज खाली आला. मग त्यांनी चष्मा काढला, आणि कानाचा दोरा सुटेना म्हणून तो तसाच लोंबत राहिला.

गोजरबाई पायरीशी उभी होती. तिला रडू आलं नाही. तिनं विचारलं, "समजते म्हंजी काय, काका?"

"म्हंजी... त्यायला कळलं."

"कोनाकून?"

काकासाहेबांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "ते न्हाई लिव्हलं, पोरी."

दुर्गाबाई आतून धावत आल्या आणि त्यांनी तिला धरलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला कुणीतरी धरायला हवं असं काहीतरी झालं आहे.

भुजंग जालन्याला जाऊन आला. मुकादमाचा पत्ता नव्हता. छापखान्यात सांगितलं की कामावरून परतलेल्या कोण्या माणसानं ही बातमी आणली. तो माणूस कोण, कुठला, ते लिहून ठेवलेलं नव्हतं. भुजंग आल्यावर ओसरीला बसला आणि आईच्या पायाला हात लावून रडला, तेव्हा तुळजाबाईनं हंबरडा फोडला. गोजरबाई मात्र सगळ्यांना सांगत राहिली, "कोनी पाह्यलंय का? कोनी त्याला माती दिल्ली? पहा तरी."

"छापून आलंय, बाई," तिला शेजारणी समजावीत. "छापणारे का याडे हायेत?"

खरं तर तिलाही असंच वाटत होतं. आष्टीचा बैल खरा होता. परतूरचा ठेसनमास्तर, जाफराबादचा नवरदेव, राजूरच्या वाटेवरची म्हैस, सगळं खरं होतं. त्याच पानावर तिचा नवरा मेला होता. तो एकटाच तेवढा खोटा कसा असेल? तिच्या बांगड्या फुटल्या. दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवायला उशीर लागला, आणि ती आशेनं बघत राहिली. शेवटी तोही शिवला.

साल उलटून गेल्यावर तिच्या माहेरचा भाऊ आला आणि भुजंगाशी बोलत बसला. भुजंग वाईट माणूस नव्हता. भावजयीला दोन घास घालायला तो ना म्हणाला नव्हता. पण तरणीताठी बाई, मूलबाळ नाही, आणि त्यांच्या जातीत विधवेनं पाट लावून पुन्हा संसार मांडायची रीत होती. पिंपळगाव रेणुकाईचा पुंजाराम म्हणून एक विधुर होता. वयानं जास्त, पण घरचा बरा. त्याला नंदाबाई नावाची एक मुलगी. भावानं बहिणीला येऊन सांगितलं तेव्हा सगळं ठरलेलं होतं.

"मला न्हाई जायचं," ती म्हणाली.

"मंग कुठं ऱ्हातीस?" भावानं विचारलं. त्यानं ते रागानं विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं.

पाटाला वाजंत्री नसते, वरात नसते. एका नव्या लुगड्यात ती पिंपळगावला आली. पुंजाराम फारसं बोलत नसे. पहिल्या आठवड्यात बाजारातून येताना त्यानं गुळाची ढेप आणि वांगी आणली, आणि दारातच उभं राहून विचारलं, "तुला काय आवडतंय खायला? मला ठावं न्हाई म्हून ध्यानात आलं तसं आनलं." आजवर हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिनं चुलीकडे तोंड करून सांगितलं, "वांगी आवडत्यात." ती तिला तितकी आवडत नव्हती.

नंदाबाईची वेणी घालता घालता, शेळ्यांच्या मागं जाता जाता दिवस गेले. पिंपळगावात पेपर येत असे की नाही हे तिनं कधी विचारलं नाही. पुढल्या वर्षी तिला मुलगा झाला. त्याचं नाव म्हसू ठेवलं. तो धडधाकट होता आणि महिना झाला, दोन झाले, तरी जिवंत होता. एके दिवशी त्याला अंगाला तेल लावताना तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपल्याला मच्छिंद्राची आठवण झालेली नाही. तिचा हात थांबला. मग तिनं पोराचे पाय ओढले, आणि तो हसला.

लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यात खळ्यावर ज्वारीची मळणी चालली होती. म्हसू गोधडीवर बसून कणसं चोखत होता. गोजरबाईनं वर पाहिलं तर खळ्याच्या कडेला एक माणूस उभा होता. अंगात विटलेला खाकी कोट, गालफडं बसलेली, डोळे पिवळे. तोंडावरून तो तिला ओळखू आला नाही. पण एक पाय दुसऱ्यावर टेकवून, काठीवर सगळं अंग टाकून तो ज्या तऱ्हेनं उभा होता, तसा कळपाजवळ उभा राहणारा माणूस तिनं एकच पाहिला होता.

"गोजर," तो म्हणाला.

तिच्या हातातलं फावडं सुटलं. "तुमी मेल्ते," ती म्हणाली.

"न्हाई."

"पेपरात आल्तं."

"सांगितलं मला भुजंगानं." तो म्हसूकडे बघत होता. "ह्यो तुहा का?"

तिनं मान हलवली. तेवढ्यात बैल हाकता हाकता पुंजाराम थांबला. त्यानं दोघांकडे पाहिलं, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याला कोणी काही सांगावं लागलं नाही. त्यानं बैलाच्या मानेवरचा दोर सोडला. मग म्हणाला, "घरी चला, पाव्हणं. भाकर खा आधी."

दोघं पुरुष ओसरीत शेजारी शेजारी बसले. गोजरबाईनं दोन ताटं केली आणि ती दारात येऊन थबकली. आधी कुणापुढं ताट ठेवावं ते तिला कळेना. नंदाबाईनं तिच्या हातातून दोन्ही ताटं घेतली आणि एकदमच खाली ठेवली. गोजरबाई म्हसूला उचलून मागच्या दारानं गोठ्यात गेली आणि ते जेवून उठेपर्यंत तिथंच उभी राहिली.

जेवणानंतर मच्छिंद्रानं जे झालं ते सांगितलं. देवळालीहून त्यांची टोळी आगगाडीत घालून दूर आसामकडं रस्ते बांधायला नेली. टोळीत दोन मच्छिंद्र होते. दुसरा जाफराबादेकडचा. तो देवळालीतच पटकीनं गेला. कुणीतरी परतताना नावं सांगितली, त्यात गाव ह्याचं लागलं. मच्छिंद्रानं तिकडून एका कारकुनाकडून कार्ड लिहून घेतलं होतं. ते कधी पोचलं नाही. मग हिवतापानं त्याला धरलं आणि अजून सोडलं नव्हतं.

"गावात शिरलो तर माय मला पाहून दातखीळ बसून पडली," तो म्हणाला. "लेकरं दगडं घिऊन धावली. भूत म्हून."

पुंजारामानं विचारलं, "आता काय करायचं?"

"मला काय ठावं," मच्छिंद्र म्हणाला.

जातीचे पंच रेणुकाईच्या देवळापाशी लिंबाखाली बसले. आजूबाजूच्या गावांची जाणती माणसं आली होती. त्यातले एक म्हातारे पंच, कारभारी त्यांचं नाव, सुरुवातीलाच अडून बसले. "पेपरात मेला म्हून छापलंय. सगळ्या तालुक्यानं वाचलं. उद्या कोनी म्हनंल, पंचानं मेलेल्याच्या नावानं कोन्या तोतयाला बायको दिली. आधी ते दुरुस्त करून आना. मंग बसू."

मच्छिंद्र त्यांच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर बसला होता. त्याची आई शेजारी त्याचा कोट धरून होती. तरी बाकीच्यांनाही ते पटलं.

अशा तऱ्हेनं दोघं नवरे आणि गोजरबाई काकासाहेबांना बरोबर घेऊन सर्व्हिस मोटारीनं जालन्याला गेली. गोजरबाईला नेण्याचं खरं तर काही कारण नव्हतं. पण ती हटून बसली. ती कशातच हटून बसत नसल्यामुळे कोणाला नाही म्हणता आलं नाही.

छापखाना एका गल्लीत होता. तिला वाटलं होतं, कचेरीसारखी मोठी इमारत असेल. दोन खोल्या निघाल्या. एकीत पायानं चालवायचं यंत्र आणि शिशाच्या अक्षरांचे खाने, दुसरीत छतापर्यंत रचलेले जुने अंक. संपादकांचं नाव आबाराव. धोतराला शाईचे डाग, डोळे लाल. काकासाहेबांनी सगळी हकिकत सांगितली तशी त्यांनी स्वतः उठून पाणी दिलं आणि जुन्या अंकांची चळत काढायला लागले. पिवळे पडलेले कागद एकेक करून खाली येत होते. त्यातून आष्टीचे, परतूरचे, भोकरदनचे किती आठवडे गेले ते गोजरबाई बघत होती. तिला एकही अक्षर ओळखू येत नव्हतं. त्यांतली कितीतरी पानं तिनं ऐकली असणार.

शेवटी अंक सापडला. आबारावांनी त्या ओळींवर बोट ठेवलं. तीन ओळी. तिच्या करंगळीएवढी जागा.

"आम्ही 'वारला' असं लिहिलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "'वारल्याचे समजते' असं आहे. म्हणजे आम्हांला तशी खबर लागली, एवढंच."

"मंग आमाला समजलं न्हाई, असंबी लिव्हता आलं असतं," गोजरबाई म्हणाली.

काकासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. आबारावांनी खाली पाहिलं. रागावून नव्हे. ते म्हणाले, "बाई, तीस-चाळीस गावांहून येतं. कोणी चिठ्ठी देतं, कोणी तोंडी सांगतं. प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहायला माझ्याकडे माणूस नाही. मी आणि हा यंत्र चालवणारा, दोघंच. तुमचं वाईट व्हावं म्हणून काही कोणी छापलं नाही."

"न्हाई, ते बराबर हाय," पुंजाराम म्हणाला. त्यालाच त्या माणसाची कीव आली होती.

आबारावांनी कागद ओढला. "खुलासा देतो. पुढच्याच अंकात. केदारखेड्याचे मच्छिंद्र हे हयात असून सुखरूप परतले आहेत, पूर्वीची बातमी चुकीची होती. ह्यांना मी दोन ओळींत जिवंत करू शकतो." ते थांबले. "ह्या बाईंचं काय छापू?"

मच्छिंद्र यंत्राकडे बघत होता, पुंजाराम स्वतःच्या पागोट्याचा शेव चाळवत होता. काकासाहेबच म्हणाले, "बाईचं काही नका छापू. अब्रूचा सवाल हाय."

खुलासा आला. पंच पुन्हा बसले. ह्या वेळी फार वेळ लागला नाही. पहिला नवरा हयात असता पाट टिकत नाही, पण अजाणता झालं म्हणून दोष कुणाला नाही. बाईनं पहिल्या घरी जावं. लेकरू पुंजारामाचं, ते त्याच्याकडं.

"नांदवशील का हिला?" कारभारींनी मच्छिंद्राला विचारलं.

"पंच म्हनतील तसं."

"तुमचं काय म्हननं, पुंजाराम?"

पुंजाराम उभा राहिला. "पंचाच्या पुढं मी कोन?" तो म्हणाला आणि खाली बसला.

बायका देवळाच्या भिंतीला धरून बसल्या होत्या. तिथून गोजरबाई उठली. "मला कोनीच इचारलं न्हाई," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. शेजारच्या म्हातारीनं तिचा पदर ओढला. पंचांतल्या एकानं विचारलं, "बरं, बोल. कुठं ऱ्हाती?"

तिनं दोघांकडे पाहिलं. मच्छिंद्राला दुपारचा ताप चढत होता. पुंजाराम जमिनीकडे बघत होता. तिला एका नवऱ्याचं नाव घेऊन दुसऱ्याला मारायचं नव्हतं, आणि दोन्ही नावं घेता येत नव्हती. तिनं एवढंच म्हटलं, "लेकरू अजून अंगावर पितंय."

ते पंचांनी मान्य केलं. पाडव्यापर्यंत मुदत मिळाली. तोवर मूल अंगावरून तोडावं आणि मग जावं.

तेवढे दिवस ती नंदाबाईजवळ झोपली. पुंजाराम ओसरीत झोपे. फाल्गुन लागला तशी तिनं कडुलिंबाचा पाला वाटला आणि स्वतःच्या हातानं छातीला लावला. म्हसूनं तोंड लावलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिनं ते पदरानं पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी परत लावलं. आठवड्याभरात पोरगं नंदाबाईच्या हातून दूधभाकरी खायला शिकलं. कुरकुर करीना तेव्हा सगळ्यांनी, शहाणं आहे, म्हणून त्याचं कौतुक केलं.

पाडव्यानंतर भुजंग गाडी घेऊन आला. म्हसू झोपला होता. त्याला उठवावं की नाही, यावर नंदाबाई आणि पुंजाराम एकमेकांकडे बघत राहिले. गोजरबाईनं त्याला उठवलं नाही.

केदारखेड्याचं घर तसंच होतं. मच्छिंद्र तिला टाकून बोलत नसे, हात उगारत नसे. कधी तापात पडे, कधी बरा असला की मेंढरांमागं जाई. तिनं पिंपळगावचं नाव काढलं तर तो उठून बाहेर जाई. रागानं नव्हे, त्याला ते सोसत नसे. एकदा मेंढरं मोजता मोजता तो म्हणाला, "मी याया नको व्हतं."

"असं नका म्हनू," ती म्हणाली. पण तेच तिच्याही मनात कितीदा येऊन गेलं होतं, आणि त्यालाही ते ठाऊक होतं.

काकासाहेबांच्या अंगणात ती पुन्हा ज्वारी पाखडायला जाऊ लागली. आता ती बैलांचं, नवरदेवांचं ऐकत नसे. तिचे कान फक्त एका गावाच्या नावावर असत. काकासाहेबांनी ते ओळखलं होतं. पेपर आला की ते आधी तिसरं पान काढून नजर फिरवत आणि ओट्यावरून हळूच सांगत, "पिंपळगावचं न्हाई काही, पोरी." कधीमधी असे. रेणुकाईच्या जत्रेत कुस्त्या झाल्या. पिंपळगावच्या शिवारात बिबट्यानं शेळी नेली. कुणाची शेळी, ते दिलेलं नसे, आणि तिला आठवडाभर तीच काळजी लागे.

दोन वर्षं अशी गेली. रझाकारांचे दिवस आले. वाटा बंद पडू लागल्या, टपाल अडू लागलं, पेपर दोनच पानांचा झाला. त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडाला एका अंकात होतं: पिंपळगाव रेणुकाई येथे लहान मुलांत देवीची साथ जोरात असून काही बालके दगावली. नावे मिळाली नाहीत.

काकासाहेब ते वाचणार नव्हते. पण नजर पडताच त्यांचा चेहरा बदलला आणि तिनं तो पाहिला. "वाचा, काका," ती म्हणाली. त्यांनी वाचलं. ती सूप तिथंच टाकून उठली.

घरी मच्छिंद्र अंगणात बसला होता. तिनं सांगितलं. तो उठला. मग आत जाऊन भाकरी फडक्यात बांधून घेऊन आला. "चाल," म्हणाला. "नदीपोतर येतो. पुढं माझ्यानं न्हाई होनार." वाट चांगली नव्हती, माणसं एकटीदुकटी चालत नव्हती. नदी उतरल्यावर तिनं मागं पाहिलं तेव्हा तो काठीवर अंग टाकून तिथंच उभा होता.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर ती पिंपळगावात पोचली. देवी आल्याची खूण म्हणून कितीतरी दारांना कडुलिंबाचे डहाळे लावलेले होते. पुंजारामाच्याही दाराला होता. ती उंबऱ्याशीच थांबली.

नंदाबाई बाहेर आली. "जित्ता हाय, माय," ती आधी म्हणाली. "जित्ता हाय. उतरल्या देवी." मग म्हणाली, "डोळा गेला एक."

म्हसू आत घोंगडीवर बसला होता. तोंडभर खपल्या, उजव्या डोळ्यावर पांढरी सायच आलेली. तो बराच मोठा झाला होता. गोजरबाईनं हात पुढं केले तसा तो भेदरून नंदाबाईच्या मांडीत शिरला आणि रडायला लागला. नंदाबाई त्याला थोपटत म्हणाली, "आरं, रडू नको." कोण आली आहे ते मात्र तिनं सांगितलं नाही. पोराला काय सांगावं हे त्या घरात ठरलेलं नव्हतं.

पुंजाराम रानातून आला. तो वाळला होता. पुन्हा लग्न त्यानं केलं नव्हतं. "उलीसं आधी कळलं असतं..." असं काहीतरी म्हणाला आणि थांबला, कारण आधी कळून कुणी काय केलं असतं हे त्यालाही माहीत नव्हतं.

"दोन रोज ऱ्हाते," ती म्हणाली. "देवळात ऱ्हाते. घरात न्हाई येत."

"घरात ऱ्हाय म्हनतो मी. पर पंच..."

"मला ठावं हाय."

दोन दिवस तिनं देवळाच्या ओवरीत काढले. नंदाबाईला पाणी भरू लागली, लिंबाचा पाला आणून दिला, आणि म्हसू झोपला की दारातून त्याला बघून येई. तिसऱ्या दिवशी मच्छिंद्राच्या तापाचा विचार मनात आला आणि ती निघाली.

पुंजाराम तिला वाटेला लावायला शिवेपर्यंत आला. त्याच्या खांद्यावर म्हसू होता. बाहेरच्या वाऱ्यानं पोर जरा उल्हासित झालं होतं. चांगला डोळा मिचकावून ते तिच्याकडे बघत होतं. शिवेच्या दगडाशी सगळे थांबले.

"ही कोन हाय, बा?" म्हसूनं विचारलं.

पुंजारामानं पोराचे पाय घट्ट धरले आणि गोजरबाईकडे पाहिलं. जे सांगायचं ते तिनंच सांगावं, असं ते पाहणं होतं.

"केदारखेड्याची हाय मी," गोजरबाई म्हणाली. मग दिवस मावळायच्या आत नदी गाठायची म्हणून झपाझप चालू लागली.